मार्चमध्ये टाकी रिकामी, जूनमध्ये सगळे ठीक: दरवर्षी परतणाऱ्या पाणीगळतीचे निवारण

गोव्यातल्या पुष्कळ घरांमध्ये शिमगा आटोपला की एकच तक्रार सुरू होते. पहाटे नळाला पाणी येते, संप म्हणजे जमिनीखालची टाकी भरते, पंप लावून वरची टाकीही भरली जाते, आणि तरीसुद्धा दुसऱ्या दिवशीचे पाणी येण्याआधीच टाकीचा तळ दिसू लागतो. घरातली माणसे तेवढीच असतात, धुणीभांडी तेवढीच असतात, मीटरवरचा आकडा मात्र जानेवारीच्या मानाने बराच पुढे गेलेला असतो. प्लंबरला बोलावले जाते, तो न्हाणीघरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या नळांचे वॉशर बदलतो, काही दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. जूनमध्ये पावसाने जोर धरला की तक्रार आपोआप बंद पडते आणि पुढच्या मार्चपर्यंत कोणी तिचे नाव काढत नाही. ज्या घरात हे सलग दोन उन्हाळे घडले असेल, त्या घरासाठी हे लेखन आहे.

तक्रार जूनमध्ये थांबते, यातच तिचे मूळ सापडते. उन्हाळा आहे, झाडांना पाणी जास्त लागते, उकाड्यामुळे अंघोळी वाढतात, असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु घराला कुलूप लावून दोन दिवस परगावी जाऊन आल्यावरही संपातले पाणी खाली गेलेले दिसत असेल, तर दोष वापरात नसून बांधकामात किंवा नळजोडणीत आहे, हे मान्य करावे लागते. अशा घरांत मी पहिला संशय जमिनीखालच्या संपावर घेतो.

पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असते. संपाच्या भिंतीला भेग असली तरी बाहेरच्या ओल्या मातीतले पाणी आतल्या पाण्याला तोलून धरते, आणि भूजल फारच वर आले तर उलट बाहेरचे गढूळ पाणी आत शिरते. दिवाळीनंतर भूजल उतरू लागते, फेब्रुवारी सरता सरता संपाभोवतीची जमीन कोरडी पडते, आणि तीच भेग आता पाणी बाहेर सोडू लागते. शेताच्या कडेला किंवा नदीकाठच्या वाड्यांवर असलेल्या घरांत हा प्रकार अगदी ठळकपणे दिसतो. सड्यावरच्या, म्हणजे उंच पठारावरच्या घरांत भूजल इतके वर क्वचितच येते. तिथे गळती बारमाही असते, पण पावसाळ्यात बाग पाणी मागत नाही, विहीर भरलेली असते आणि नळाच्या पाण्यावरचा भार हलका असतो, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

आपली जमीनही या गळतीला लपवते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातले पाणी जांभ्याच्या सच्छिद्र थरातून खाली झिरपते. तिथे एखाद्या फुटक्या पाइपातून रोज झिरपणाऱ्या दोनतीनशे लिटरांचा काय पाड लागणार? त्याचे डबके कुठे साचत नाही. जुन्या घरांतले अनेक संप तर चिऱ्यांचेच बांधलेले आहेत. चिरा स्वतः पाणी धरून ठेवत नाही, पाणी धरते ते आतले सिमेंटचे गिलाव्याचे अस्तर, आणि त्या अस्तराला केसाएवढी भेग पडली तरी मागचा चिरा पाणी शोषून पुढे पाठवत राहतो.

मीटर पाहून निम्मीच परीक्षा होते

सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतो का पाहा, हा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या शहरात नळ थेट वाहिनीला जोडलेला असतो तिथे तो पुरेसा ठरतो, आपल्याकडे तो अपुरा आहे. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला साळावली धरणाचे पाणी येते, फोंडा आणि तिसवाडीला खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचे, बार्देशला अस्नोड्याचे. यांपैकी कुठल्याही भागात असलात तरी बहुतेकांना ते ठराविक वेळीच मिळते, आणि म्हणूनच घरोघरी संप आहेत. मीटर संपाच्या आधी बसवलेला असतो. संपाचा बॉलकॉक, म्हणजे पाणी भरले की तरंगत्या चेंडूने बंद होणारी तोटी, बंद झाला की मीटर थांबतो, मग त्यापुढे संप गळत असो की वरची टाकी. ते हरवलेले पाणी मीटरवर उमटते ते दुसऱ्या पहाटे, संप पुन्हा भरताना, आणि तेव्हा ते आपल्याला नेहमीच्या वापरासारखेच दिसते.

तरीही सुरुवात मीटरपासूनच करावी, कारण हा भाग तपासायला सर्वात सोपा आहे. नळाला पाणी आलेले असतानाच ही परीक्षा घ्यायची, कारण वाहिनीत दाब नसेल तर काहीच कळणार नाही. संपाचे झाकण उघडून बॉलकॉकचा चेंडू वर उचलून दोरीने बांधून ठेवावा, म्हणजे संपात पाणी पडणे पूर्ण थांबेल. आता मीटरच्या काचेतले लहानसे नक्षत्रासारखे चाक पाहावे. काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, त्यामुळे ते हलायला वेळ लागतो. हे चाक मात्र अगदी बारीक प्रवाहालाही हळूहळू फिरते. ते फिरत असेल तर मीटर आणि संप यांच्यामधला पाइप गळतो आहे. त्यानंतर मीटरलगतची चावी बंद करून पुन्हा पाहावे: चाक थांबले तर गळती निश्चित चावीच्या पुढे, तुमच्या आवारात आहे, चावी पूर्ण बंद असूनही ते फिरतच राहिले तर चावी तरी नीट बंद होत नाही किंवा मीटर तरी सदोष आहे, आणि त्याची लेखी तक्रार वेळ व वाचन टिपून, छायाचित्र जोडून करावी. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा मीटरमधून जाते आणि तीही चाक फिरवते, म्हणून पाण्याची धार स्थिर झाल्यावरच निरीक्षण करावे.

आवारातला पाइप फुटला असेल तर जागा शोधायला खणाखणी करण्याआधी जमिनीकडे नीट पाहावे. एप्रिलमध्ये सगळे गवत पिवळे पडलेले असताना एखादा हात-दीड हाताचा पट्टा हिरवागार असतो, कोणी न लावलेला अळू तिथे तरारून आलेला असतो, किंवा एका रांगेतल्या केळींपैकी एकच केळ बाकीच्यांच्या दीडपट वाढलेली असते. गाडी जिथून आत येते ती फाटकाखालची जागा आणि माडाच्या बुंध्याजवळची जागा या दोन ठिकाणी जोड आधी सुटतात. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि किनाऱ्याजवळ हवाही खारट, त्यामुळे जुने लोखंडी पाइप बाहेरून पोखरले जातात. ते दिसले की तुकडा बदलण्यापेक्षा सगळी लांबी प्लास्टिकच्या पाइपाची करून घेणे शहाणपणाचे. रात्री सगळे शांत असताना लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पाइपावर टेकवून मुठीला कान लावला, तर गळतीजवळ बारीक, अखंड सूंऽऽ असा आवाज ऐकू येतो. जाणते प्लंबर ही युक्ती अजून वापरतात.

संपाची रात्र

खरी परीक्षा संपाची. ती एका रात्रीत होते आणि तिला एक कोरडी काठी, खडू आणि थोडा संयम एवढेच लागते.

संध्याकाळी संप काठोकाठ भरलेला असावा. मीटरपुढची चावी बंद करावी, पंपाची वीज बंद करावी आणि पंप कोणी लावू नये म्हणून बटणावर कागद चिकटवावा. काठीला खडू चोळून ती संपाच्या तळाला टेकेपर्यंत सरळ उभी सोडावी, बाहेर काढावी आणि ओल्या रेषेवर खूण करावी. सकाळी पाणी उपसण्याआधी त्याच कोपऱ्यात हेच पुन्हा करावे. झाकलेल्या संपातून रात्रभरात होणारे बाष्पीभवन नगण्य असते, म्हणून दोन खुणांत फरक पडला तर ती गळतीच. २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद संपात १ सेंटिमीटर म्हणजे ३० लिटर. दहा तासांत ४ सेंटिमीटर उतरले असतील तर १२० लिटर गेले. त्याच गतीने दिवसाला २८८ लिटर आणि महिन्याला साडेआठ हजार लिटरांहून अधिक. नळाच्या वॉशरमधून एवढे पाणी जाणे कठीण आहे, तरी आपण वर्षानुवर्षे वॉशरच बदलत असतो.

भेग कुठे आहे हे शोधण्यासाठी संप रिकामा करायची घाई करू नये, पाण्यालाच ती दाखवू द्यावी. शक्य असल्यास एखादे दिवस नळाचे पाणी थेट पिंपांत साठवून घर त्यावर चालवावे, आणि संपातली पातळी दर काही तासांनी काठीने मोजत राहावी. पातळी उतरत उतरत एका उंचीवर येऊन थांबते, कारण भेग त्या उंचीवर असते आणि पाणी तिच्याखाली गेले की गळायला वाटच उरत नाही. पाणी तळापर्यंत उतरतच गेले तर दोष तळात किंवा तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आहे. वरच्या बाजूलाच थांबले, तर पाइप भिंतीतून आत येतो ती जागा आधी तपासावी. बाहेरून हात लावला तर पाइप घट्ट वाटतो, पण आतून बॅटरी मारली की पाइपाच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती नखाएवढी काळी कड दिसते, शेवाळ्याने भरलेली. गिलाव्याने तिथे पाइपाला सोडलेले असते. पंपाची थरथर रोज त्या पाइपाला बसते आणि सिमेंट व प्लास्टिक एकमेकांना कधीच पूर्ण धरत नाहीत, म्हणून हा जोड नेमका पुन्हा पुन्हा सुटतो.

एक इशारा इथेच देतो. संपात उतरायचे असेल तर एकट्याने कधीही उतरू नये. बंद संपात प्राणवायू कमी असू शकतो आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच पडतो. झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, पंखा लावून हवा खेळती करावी, पाणबुडी पंपाची वीज मुख्य बटणावरूनच तोडावी, आणि वर एक माणूस सतत बोलत उभा असावा.

पातळी तसूभरही हलली नसेल, तर संप निर्दोष आहे असे समजून वर जावे. मात्र संपाचा बॉलकॉक वेळेवर बंद होतो का, हे त्याआधी पाहावे. पाणी पहाटे येते, घर झोपलेले असते, चेंडू अडकलेला असतो आणि जादा पाणी सांडपाइपातून गटारात जात असते. सांडपाइपाचे तोंड गटारात लपलेले असेल तर ते वळवून तुळशीवृंदावनाजवळ किंवा अंगणाच्या कडेला, येता-जाता दिसेल असे उघड्यावर आणावे. एवढ्या साध्या बदलाने काही घरांचा प्रश्न तिथेच मिटतो.

वरची टाकी आणि घरातली नळजोडणी

वरच्या टाकीलाही हीच काठी आणि हीच रात्र. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपावरची चावी बंद करून मोजल्यावर पाणी उतरले तर टाकी किंवा तिचा जोड गळतो; चावी उघडी ठेवल्यावरच उतरले तर दोष घरात आहे. १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९.५ लिटर. टाकी उतरते आणि त्याच वेळी संप चढतो, असे दिसले तर पाणी वाया जात नसून पंपाच्या एकेरी व्हॉल्व्हमधून परत खाली येत आहे. पाणी वाचते, पण वीज नाहक जाते, आणि व्हॉल्व्ह बदलला की ते थांबते.

घरातल्या गळतीत सर्वाधिक पाणी संडासाच्या फ्लशमधून जाते, आणि आवाज न करता जाते. फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चारपाच थेंब टाकून अर्धा तास कोणी ती वापरू नये. भांड्यात निळसर पाणी दिसले की आतले रबर बदलावे. थेंब थेंब गळणारा नळ किती पाणी खातो हे तांब्या लावून मोजावे: दहा मिनिटांत १ लिटर जमले तर दिवसाचे १४४ लिटर होतात. नवीन फ्लश बसवायचाच असेल तर ३ आणि ६ लिटरांचा दुहेरी घ्यावा, कारण जुने एका वेळेला १० लिटर किंवा त्याहून जास्त सोडतात.

बागेचा हिशेब

सगळे जोड घट्ट आहेत आणि तरीही पाणी पुरत नाही, असे निघाले तर बागेकडे वळावे. बागेच्या नळीखाली १५ लिटरांची बादली ठेवून ती भरायला लागणारा वेळ घड्याळात पाहावा. एक मिनिट लागला, तर तासभर चालू राहिलेली नळी ९०० लिटर ओतते. नळी एका झाडाखाली सोडून आपण आत काम करत बसतो, आणि त्यातले पुष्कळसे पाणी मुळांच्याही खाली निघून जाते, कारण जांभ्याची माती एका वेळी ठरावीकच पाणी धरते.

मोठ्या माडाला उन्हाळ्यात आळ्यातून दर चार दिवसांनी सुमारे २०० लिटर पाणी द्यावे, अशी कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची शिफारस आहे. म्हणजे आवारातले चार माड दिवसाला सरासरी २०० लिटर मागतात. हे त्यांचे रास्त मागणे आहे, पण आळे बुंध्यापासून १.८ मीटर अंतरापर्यंत असावे. बुंध्यालगतच्या टीचभर खड्ड्यात ओतलेले पाणी कामी येत नाही. आळ्यात नारळाची सोडणे पाठ वर करून जवळजवळ पसरावीत, वर वाळलेल्या चुडत्या आणि पालापाचोळा घालावा. दुपारी अशा आच्छादनाखाली हात घालून पाहावा. शेजारची उघडी माती पोळत असते आणि इथली माती गार व ओलसर लागते. मार्चमध्ये अंगण झाडून हाच पालापाचोळा जाळण्याची पद्धत मला मनापासून खटकते, कारण झाडाला त्याची सर्वात जास्त गरज नेमकी तेव्हाच असते. फोंडा आणि सत्तरीतल्या कुळागरांत माडा-पोफळींच्या सावलीत केळी, मिरवेली आणि अननस एकावर एक लावून जमिनीवर ऊन पोहोचूच दिले जात नाही, आणि त्यामुळे ओल टिकते. घरामागच्या चार झाडांनाही हीच रीत लागू पडते.

हिरवळीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. कडक उन्हात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी १०० चौरस मीटर हिरवळीला रोज ५०० लिटर लागतात. एवढ्या पाण्यात दहा माड जगतात. ज्या घरात प्यायच्या पाण्याची ओढाताण आहे, तिथे हिरवळ काढून अबोली, जास्वंद, कढीपत्ता आणि लिंबू लावावेत. भाज्यांना व फुलझाडांना ठिबकाची नळी पुरते. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी कुठल्याही झाडाला चालते, साबणाचे फक्त केळी आणि अळूला.

पाणी कमी पडते म्हणून कूपनलिका खोदण्याचा विचार अनेक जण करतात. गोवा भूजल नियमन कायदा, २००२ नुसार त्यासाठी परवानगी लागते, आणि बार्देश, सासष्टीच्या किनारपट्टीत जास्त उपसा केला की समुद्राचे खारे पाणी भूजलात शिरून शेजाऱ्यांच्या विहिरीही मचूळ होतात. गळका संप भरण्यासाठी शेजाऱ्याची विहीर बिघडवणे योग्य नव्हे.

दुरुस्ती केव्हा आणि कशी

संपाची दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांतच उरकावी, कारण तेव्हाच भूजल खाली असते. पावसाळ्यात बाहेरून पाण्याचा दाब येत असताना केलेला गिलावा भिंतीला धरत नाही. संप रिकामा करून शेवाळ घासून काढावे, भेगेच्या जागी छिन्नीने बोटभर रुंद व तितकीच खोल खाच घ्यावी, सुटलेले अस्तर पोकळ आवाज येतो तिथपर्यंत काढून टाकावे, आणि जलरोधक मिश्रण घातलेल्या सिमेंटने ती जागा भरावी. वरवर सिमेंटचे पाणी फासून देणारे गवंडी पुष्कळ भेटतात. त्याने एक उन्हाळा निघतो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. पाइपाच्या जोडाभोवती पाइपाची पाठ खरखरीत करून मगच भरण करावे, आणि पंपाजवळ लवचिक नळीचा छोटा तुकडा टाकावा, म्हणजे थरथर भिंतीपर्यंत पोहोचणार नाही. गिलावा निदान सात दिवस ओला ठेवावा. त्यानंतर ब्लीचिंग पावडरने धुऊन काढावे, पहिले पाणी फरशी पुसण्यासाठी वापरावे आणि मग काठीची परीक्षा पुन्हा घ्यावी.

या परीक्षेत पातळी स्थिर राहिली तरी काम अर्धेच तपासले गेले आहे, कारण मे महिन्यात आपण फक्त आतून बाहेर जाणारे पाणी पाहतो. जुलैमध्ये, चार दिवस संततधार लागून जमीन तुडुंब भरल्यावर, संपातले पाणी निम्म्यावर आणून चावी आणि पंप बंद करावेत आणि रात्रभराची पातळी पुन्हा मोजावी. संप प्लास्टिकचा असेल तर तो या दिवसांत पूर्ण रिकामा करू नये, कारण भिजलेल्या जमिनीतले पाणी त्याला खालून वर उचलते. सकाळी काठीवरची ओली रेषा संध्याकाळच्या खुणेवर असेल तर भरण टिकले आहे. ती वर सरकली असेल, पाणी किंचित गढूळ दिसत असेल, तर बाहेरचे पाणी अजून आत येत आहे. अशा वेळी ते पाणी पिण्यासाठी उकळूनच वापरावे, पातळी जिथपर्यंत चढली ती उंची भिंतीवर रंगाने आखून ठेवावी आणि गवंड्याला दिवाळीनंतर, जमीन सुकताच, त्या रेषेखालचे अस्तर काढायला बोलवावे.